डाव्या हातानं पुसलेलं अक्षर

भिंगारात जाऊन कोंडीराम भिंगारदिव्यांचं घर विचाराल, तर लोक तुम्हालाच उलट विचारतील, कोणते कोंडीराम? भिंगारदिवे तिथं घरटी सापडतात आणि कोंडीरामही दोन-तीन निघतील. पण "पेंटरनाना" म्हणा, की पानटपरीवरचा माणूस हातातलं काम टाकून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येईल. वाटेत दोन पाट्याही दाखवील. ही नानांची, ती फ्लेक्सवाल्याची. तुम्हाला फरक कळला नाही, तर तो तुमच्याकडं जरा कीव आल्यासारखं बघेल.

नाना शहात्तर वर्षांचे. अंगानं काटकुळे, चालताना एक खांदा वर, कारण त्या खांद्याला पन्नास-साठ वर्षं रंगाच्या डब्यांची पिशवी. सोळाव्या वर्षी ते जुन्या बाजारात उस्ताद हुसेनभाईंच्या दुकानात शिरले आणि पहिली दोन वर्षं नुसत्या रेघा मारत बसले. पत्र्याच्या तुकड्यावर रेघ मारायची, उस्तादांना दाखवायची, शिव्या खायच्या, पुसायची, पुन्हा मारायची. तिसऱ्या वर्षी कुठं अक्षर हाती आलं. पुढं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन पेंटर म्हणून नोकरी लागली आणि गाड्यांवर नंबर टाकण्यात तीस-बत्तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर बसतील तर ते नाना कसले? उसाच्या ट्रॉल्या, सुप्याच्या कारखान्यांतले धोक्याचे फलक, दुकानांच्या पाट्या, जे मिळेल ते लिहीत राहिले. मध्ये फ्लेक्स आला आणि निम्मी कामं घेऊन गेला. मग जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा कित्येक जणांना पाटीवरचा एकच शब्द बदलून हवा होता. फ्लेक्सवाला म्हणायचा सगळं नवीन करा. नाना म्हणायचे, एवढंच पुसतो, एवढंच लिहितो. त्या हंगामात नानांना जेवायला फुरसत नव्हती.

उस्तादांनी त्यांना जे शिकवलं त्यात एक नियम होता. "गलती हुई तो चलेगा. गिऱ्हाइकाने देखी, तो नहीं चलेगा." म्हणजे हात चुकला तर कुणाच्या नजरेला पडायच्या आत टर्पेंटाइनचं फडकं फिरवायचं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढं लिहायचं. पाटीपुरता हा नियम झकास आहे. पण नानांनी तो सगळ्या संसाराला लावला. ताप आला तर उतरल्यावर सांगणार. दाढ ठणकायला लागली तर पडल्यावर सांगणार. एकदा सायकलवरून पडून गुडघा फुटला, तेव्हा आठ दिवस एकाच पायावर जोर देऊन चालले आणि घरी सांगितलं, चप्पल चावते. त्यांच्या बायकोला, कलाबाईंना, नवऱ्याचं दुखणं नेहमी असं शिळं होऊनच कळायचं.

दोन वर्षांपूर्वी शिडी चढताना नानांना दम लागायला लागला. त्यांनी काय करावं? प्रत्येक पायरीवर थांबायचे आणि मान तिरकी करून अक्षराकडं बघायचे. खालच्या माणसाला वाटायचं, काय बारकाईनं बघतात! अशी बारकाई सहा महिने चालली. मग एक दिवस घराच्या तीन पायऱ्या चढतानाही नाना मान तिरकी करून उभे राहिले. कलाबाई म्हणाल्या, "हितं कोनती पाटी हाय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून नगरच्या डॉक्टरांपुढं बसवलं.

हृदयातून अंगभर रक्त सोडणारी झडप कडक होऊन आखडली होती. छाती उघडून ती बदलावी, तर वय झालेलं आणि रंगाच्या वासानं फुप्फुसं आधीच थकलेली. म्हणून पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टर रुचा, चाळिशीच्या असतील, त्यांनी समजावून सांगितलं की जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर न्यायची आणि जुन्या झडपेच्या आतच नवी झडप उघडून बसवायची. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड होतं, त्यामुळं खर्चाचा प्रश्न सुटला. नानांना एकच शंका होती. "जुनी खरवडून काढनार न्हाई? जुन्या रंगावरच नवा हात?"

"बरोबर," डॉक्टर हसल्या. "आणि तुम्हाला तर माहीत असेल, जुन्या रंगावर जोर दिला की काय होतं."

"पोपडे उडत्यात."

"तेच. इथले पोपडे रक्ताबरोबर मेंदूकडं जाऊ शकतात. त्यानं लकवा होतो. पहिले काही दिवस हा धोका जास्त, म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. नंतर तो कमी होतो, पण संपत नाही. म्हणून रोजची गोळी. आणि घरच्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवायच्या. तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि थेट मोठा दवाखाना गाठायचा. पाच मिनिटांत बरं वाटलं तरीसुद्धा."

नानांनी यातलं "नवी झडप" एवढंच ऐकलं. कलाबाईंना लिहितावाचता येत नाही, त्यामुळं त्यांना ऐकलेलं सांडून चालत नाही. त्यांनी डॉक्टरांकडून ते तीन वेळा वदवून घेतलं आणि चार बोटांवर बसवलं. तोंड, हात, बोलणं, घड्याळ. मुलगा चेतन सुप्याला कारखान्यात आहे, त्यानं सगळे कागद फायलीत लावले. पण खरी फाइल त्या बोटांवर होती.

नवी झडप उत्तम बसली. चौथ्या दिवशी नाना दवाखान्याच्या आवारात फिरायला लागले आणि "शांतता राखा" या पाटीतली अक्षरं किती दाटीवाटीनं लिहिलीत ते नर्सला समजावून सांगू लागले. घरी आल्यावर दम गेला, रंग उजळला, भूक वाढली. सहा-सात महिने असे गेले की आपल्या छातीत परकं काही बसवलंय हेच ते विसरले.

मार्च सरत आला. चौदा एप्रिलच्या आत वस्तीतल्या बुद्धविहाराच्या नव्या सभागृहाला पाटी हवी होती. विहार समितीचं काम बघणारे आप्पासाहेब, निवृत्त शिक्षक, नानांच्याच वयाचे. त्यांनी निरोप पाठवला. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात "त्रिरत्न सभागृह". नाना आठवडाभर आधीच खुशीत. पत्रा स्वतः घासला, अस्तर दिलं, खडूची दोरी मारून रेघा आखल्या. पत्रा आधीच भिंतीवर ठोकलेला होता, पण फार उंच नव्हता, स्टुलावर उभं राहून हात पोचत होता.

एप्रिलच्या सुरुवातीची सकाळ, नऊ-साडेनऊची वेळ. विहारात आत आप्पासाहेब झाडलोट करत होते, रेडिओ चालू होता, बाहेर नाना एकटे. "त्रिरत्न" झालं होतं. "स" झाला. "भ" ची गोलाई घेतली आणि नाना वरची रेघ ओढायला लागले. अर्ध्यावर रेघ खाली चालली. नानांना दिसत होतं की ती खाली चाललीय, पण थांबवता येईना. ब्रश पडला, पाठोपाठ हात मांडीशेजारी लोंबला. बोटं हलव म्हटलं तर हलेनात. नाना कसेबसे स्टुलावरून खाली उतरले, भिंतीला टेकले आणि आप्पासाहेबांना हाक मारायला गेले. तोंडातून निघालं ते शब्दासारखं काहीच नव्हतं. आत रेडिओ वाजतच राहिला.

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं देवाला आठवलं असतं, बायकोला आठवलं असतं, निदान घाबरून खाली तरी बसला असता. नानांनी पाटीकडं बघितलं. "भ" च्या डोक्यावरून एक निळी रेघ पार खाली ओघळली होती, आणि रस्त्यावरून कुणीही येऊन ती बघितली असती! त्यांनी डाव्या हातानं पिशवीतलं फडकं ओढलं, डाव्याच हातानं त्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि टाचा उंच करून ती रेघ, तो "भ" आणि शेजारचा अर्धा "स" पुसून काढला. जीव राहतोय की जातोय ते नंतर. मग ते भिंतीला पाठ लावून बसले.

दहा मिनिटं गेली असतील. बोटांना मुंग्या आल्या. अंगठा हलला, मनगट वळलं. नानांनी हळूच स्वतःचं पूर्ण नाव उच्चारून बघितलं, "कोंडीराम सखाराम भिंगारदिवे." स्पष्ट आलं. ते उठले, ब्रश धुतला, "स" नीट केला, "भ" नव्यानं लिहिला. आधीच्यापेक्षा चांगला जमला. मग लांब जाऊन त्यांनी पाटीकडं बघितलं आणि स्वतःला सांगितलं, काही झालंच नाही.

पण "सभा" च्या पुढं ब्रश लावायचा धीर होईना. भीती होती, ती पुसता येईना. मरणाची नव्हे. उजवा हात गेला तर आपण कोण, याची. लकवा झालेले लोक नानांनी बघितले होते. गल्लीतच एक जण ओट्यावर बसायचा, बायको घास भरवायची. आणि घरी कळलं तर काय होणार, हेही त्यांना ठाऊक होतं. चेतन ब्रश उचलून माळ्यावर टाकणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हात तर चालतोय.

दुपारी नाना जेवायला घरी आले. कलाबाईंनी ताट वाढलं, भाकरी आणि वांग्याचं भरीत, आणि नेहमीसारखी पिशवी ओढून फडकी वेगळी काढायला बसल्या. हे काम त्या लग्न झाल्यापासून करत आल्यात. नवऱ्याचं काम त्यांना वाचता येत नाही, पण फडकं वाचता येतं. ब्रश पुसला की बारीक पट्टे उमटतात. थेंब टिपला की ठिपका. आज एका फडक्यावर हातभर निळा पसारा होता.

"अवं, अख्खं अक्षर पुसलं का काय आज?"

"मुंगी चिकाटली हुती रंगाला."

"मुंगी का म्हैस?"

नाना हसले. जरा जास्तच हसले. कलाबाई हसल्या नाहीत. त्या उठून समोर येऊन बसल्या आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवलेल्या डाव्या हाताकडं बघत राहिल्या. त्या हाताच्या नखांत निळा रंग होता, आणि शर्टाच्या डाव्या बाहीलाही.

"डाव्या हातानं का पुसलं?"

नानांनी भाकरीचा आणखी एक घास मोडला.

"पन्नास वर्सं झाली मला ह्या घरात. डाव्या हातात तुमी डबा धरता. फडकं कदी डाव्या हातात गेलं न्हाई. उजव्याला काय झालं हुतं?"

नानांनी भाकरी खाली ठेवली. दुसरं कुणी असतं तर त्यांनी आणखी एक मुंगी आणली असती. पण ती बाई नुसती बघत होती, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर नानांना बरं वाटलं असतं.

"धा मिनटं," ते म्हणाले. "धा मिनटं हात माजा न्हवता, कला. बोलताबी येत न्हवतं. मंग आलं सगळं माघारी."

कलाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. वाचता येत नसलं तरी घड्याळ त्यांना कळतं. "कितीला?"

"साडेनवाच्या आसपास."

"म्हंजी तीन तास झालं." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "उठा."

"अगं पन हात चालतुय की! हे बघ!" नाना उजवा हात हवेत नाचवायला लागले. "भ बघून ये जाऊन, कसला झालाय!"

"डाक्तरीनबाई काय म्हनल्या हुत्या? पाच मिनटात बरं वाटलं तरीबी जायचं. तुमी पाटी बघत हुता, मी ऐकत हुते."

चेतनला फोन गेला. त्यानं सुप्याहून पुण्याला लावला आणि दोन मिनिटांत उलटा फोन आला. डॉक्टर म्हणाल्या होत्या की माझी वाट बघू नका, मुलाची वाट बघू नका, मनानं कोणतीही जादा गोळी देऊ नका, नगरला जिथं डोक्याचं स्कॅन होतं तिथं आत्ता न्या. तोवर कलाबाईंनी ट्रंकेतून फाइल काढून काखेत धरली होती आणि शेजारच्या रंगुबाईंच्या घरची गाडी दारात आली होती. नाना गाडीत बसताना म्हणाले, रंगाच्या डब्याचं झाकण राहिलंय. कलाबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. गाडी हलल्यावर मात्र त्यांनी नवऱ्याचा उजवा हात जो मुठीत धरला, तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.

स्कॅनमध्ये कायमचं नुकसान दिसलं नाही. एवढं ऐकून नाना घरी जायला उठले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना पुन्हा झोपवलं. "आजोबा, हा इशारा होता. असा झटका येऊन गेला की पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. मोठा झटका तेव्हाच यायचा संभव असतो. तो दहा मिनिटांत परत जात नाही." मग छातीला वायरी चिकटवल्या आणि मशीन लावून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीननं चोर पकडला. नानांच्या हृदयाचे ठोके मधूनच बिथरत होते. थोडा वेळ बिथरायचे, पुन्हा ताळ्यावर यायचे. म्हणजे हृदयानंही मालकाचाच नियम उचलला होता. चुकायचं आणि कुणी बघायच्या आत सावरायचं.

डॉक्टर रुचा मोबाईलवर दिसल्या. झडप छान आहे म्हणाल्या, तिचा काही दोष नाही. पण ठोका असा बिघडला की हृदयाच्या एका कोपऱ्यात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते आणि ती वर मेंदूत जाते. काल बारीक गेली, विरघळली. आता रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, सकाळ-संध्याकाळ. आधीची बंद, पण ती मी बंद केली म्हणून. तुम्ही आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, दाढ काढायची असली तरी आधी मला विचारायचं.

नानांनी फोन हातात घेतला. उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली. मग म्हणाले, "म्याडम, हात ऱ्हाईल का माजा?"

"शब्द देता येणार नाही, नाना. पण गोळी चुकवली नाहीत तर धोका पुष्कळ कमी होतो. आणि पुन्हा कधी असं वाटलं आणि तुम्ही त्याच क्षणी ओरडलात, तर आम्हाला काहीतरी करता येतं." मग त्या म्हणाल्या, "फडक्याचं मला सांगितलंय कलाबाईंनी. पुसून टाकलंत तर मी काय वाचणार?"

कलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बातमी फोडल्याचा त्यांना काडीचाही पश्चात्ताप नव्हता.

दवाखान्यात चार दिवस नानांना दुसरं काम नव्हतं, तेव्हा ते उस्तादांशी मनातल्या मनात भांडले. भांडता भांडता त्यांना आठवलं की हुसेनभाई गिऱ्हाइकापासून चूक लपवायला सांगायचे, पण दुकानात एकमेकांपासून कधीच नाही. तिथं तर चुकलेली रेघ आधी त्यांच्यासमोर धरावी लागायची, मग पुसायची. दोन वर्षं खाल्लेल्या शिव्या त्या दाखवलेल्या रेघांच्याच होत्या. अर्धा नियम पाठ करून आपण साठ वर्षं काढली, आणि घरच्या माणसाला गिऱ्हाईक समजलो, हे नानांना त्या पलंगावर पहिल्यांदा कळलं. त्यांना लाज वाटली. कूस वळवून त्यांनी कलाबाईंना विचारलं, "चप्पल चावती म्हनलो हुतो तवा, तुला कळलं हुतं का गं?"

"त्याच दिवशी. रोज राती तुमी झोपल्यावं हळद लावत हुते गुडघ्याला."

नानांनी चादरीखाली हात नेऊन गुडघा चाचपला.

घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी कलाबाईंच्या सांगण्यावरून केलं. दोन लहान डबे घेतले, एकावर पिवळ्या रंगात सूर्य काढला, दुसऱ्यावर पांढरी चांदणी, आणि खाली "सकाळ", "संध्याकाळ" असं सुरेख लिहिलं. अक्षरं त्यांच्यासाठी, चित्रं कलाबाईंसाठी. दाढीचं पातं जाऊन साधं मशीन आलं, पत्रा घासायला हातमोजे आले, कारण आता जखम झाली तर रक्त लवकर थांबणार नव्हतं. आणि घरात नवा कायदा लागू झाला. गोळी चुकली तरी वरडायचं, हात चुकला तरी वरडायचं, कोन बसलंय हे बघायचं न्हाई.

नानांना ओरडायची सवय नव्हती. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळची गोळी राहिली. आठवलं तेव्हा घरात चेतनचे सासू-सासरे बसलेले. पूर्वीचे नाना असते तर सकाळी दोन गोळ्या घेऊन हिशेब मिटवला असता. नाना स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "कला, गोळी चुकली," की त्या बाईला ते दोनदा विचारावं लागलं. चेतननं डॉक्टरांचा कागद वाचला. तासच उलटला होता, तेव्हा लगेच घ्यायची, आणि पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. पाहुण्यांच्या देखत नानांनी गोळी गिळली. कान लाल झाले, पण आभाळ काही कोसळलं नाही.

पाटी मात्र "त्रिरत्न सभा" वर अडकली होती. बारा तारीख आली. आप्पासाहेब भेटायला आले आणि संकोचत म्हणाले, "नाना, तुम्ही आराम करा. आम्ही तूर्तास फ्लेक्स लावतो."

नानांनी मान खाली घातली. आता कलाबाई होकार देणार, मग चेतनला आयतं कारण मिळणार, आणि ब्रश माळ्यावर जाणार. त्यांनी ते मनाशी कबूलही करून टाकलं.

"फिलेक्स कशाला?" कलाबाई म्हणाल्या. "पाटी हेच लिवतील. पन तुमी ती भितीवरून काढून खाली ठिवा. इस्टुलाव चढू देनार न्हाई मी. आनि मी तितंच बसनार."

"डाक्टरांनी ..." चेतननं तोंड उघडलं.

"इचारलंय मी. हात चालवा म्हनल्या. हात चालवायसाठीच तर गोळ्या हायेत."

तेरा तारखेला सकाळी विहाराच्या आवारात दोन बाकांवर पत्रा आडवा ठेवला. सगळीकडं तयारीची गडबड. बाया फरशी धूत होत्या, कुणी पताका बांधत होतं, येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून पाटी बघत होता. चुकायला याहून वाईट जागा नसेल. कलाबाई पलीकडं निंबाखाली उद्याच्या खिरीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. नानांनी "गृ" लिहिला. हात स्थिर होता. राहिला फक्त "ह". त्याची गोलाई झाली, गाठ झाली, आणि वरची रेघ ओढताना, अगदी त्याच ठिकाणी, ब्रश थरथरला आणि रेघ खाली घसरली.

भोवती दहा-पंधरा माणसं. आप्पासाहेब समोर. नानांचा डावा हात सवयीनं फडक्याकडं गेला. फडक्याला लागला. तिथंच थांबला.

"कला!" नाना ओरडले. सबंध आवारात ऐकू गेलं. "कला, हात चुकला माजा!"

तांदळाचं सूप तिकडं, कलाबाई इकडं. पताकावाले शिडीवरून खाली उतरले. कलाबाईंनी नवऱ्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"हसा."

नाना हसले. दोन्हीकडून सारखं.

"दोनी हात वर. डोळे मिटा."

दोन्ही हात वर गेले आणि वरच राहिले. एकही खाली ओघळला नाही.

"नाव सांगा पुरतं."

"कोंडीराम सखाराम भिंगारदिवे. बायकूचं नाव कलाबाई. लई कडक हाय."

कुणीतरी फसकन हसलं. तेवढ्यात आप्पासाहेब बाकापासून लांब सरले आणि कानकोंडे होऊन म्हणाले, "नाना, माफ करा. मी बाकाला टेकलो होतो. बाक हलला."

मग मात्र सगळं आवार हसलं. नानाही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पाटीवर सगळ्यांच्या देखत ती घसरलेली रेघ तशीच होती आणि तिची त्यांना जराही लाज वाटत नव्हती. फक्त कलाबाई हसत नव्हत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खाली वाकून फडकं उचललं, त्यावर स्वतःच टर्पेंटाइन ओतलं आणि नवऱ्यापुढं धरलं.

"आता पुसा," त्या म्हणाल्या. "उजव्या हातानं."